‘सर, आउटपुट येत नाहीये’ : प्रोग्रॅमिंगच्या नवशिक्यांना मिळणारी मदत

पायथन शिकायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला एक प्रसंग येतो. दोन आकडे विचारायचे आणि त्यांची बेरीज दाखवायची, एवढाच चार ओळींचा प्रोग्रॅम. चालवला, ५ आणि ७ दिले, आणि पडद्यावर आलं ५७. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. यंत्राच्या लेखी सगळं बरोबर आहे. इनपुट हे फंक्शन कीबोर्डवरून जे आणतं ते पायथन आकडा म्हणून घेत नाही, अक्षरांची माळ म्हणून घेतं. दोन माळांची बेरीज म्हणजे एकीच्या पुढे दुसरी जोडणं. म्हणून ५७.

अशा वेळी मदतीला आलेला माणूस सहसा तीनपैकी एक गोष्ट करतो. पहिला कीबोर्ड स्वतःकडे ओढतो, दोन ठिकाणी ‘इंट’ लिहितो, १२ उत्तर आणून दाखवतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. दुसरा म्हणतो, ‘‘इनपुट नेहमी स्ट्रिंग देतं, टाइप बदलून घ्यावा लागतो.’’ हे खरंच आहे. पण स्ट्रिंग आणि इंटिजर या दोन गोष्टी मेमरीत वेगळ्या राहतात हे चित्रच ज्याच्या डोक्यात नाही, त्याच्यासाठी ते पाठ करायचं आणखी एक वाक्य ठरतं. तिसरा विचारतो, ‘‘तुला काय यायला हवं होतं? आणि मग हे ५७ कुठून आलं असेल?’’ पहिल्या मदतीला पंधरा सेकंद लागतात, तिसरीला पाच मिनिटं.

डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ साली बेसिक ही भाषा आणली, ती विज्ञान-गणिताबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून. तेव्हापासून नवशिक्यांना मदत कशी करावी यावर भरपूर काम झालं आहे. सोप्या भाषा आल्या, बोलके एरर मेसेज आले, शिकवणारी सॉफ्टवेअर आली, आता एआय आलं. या सगळ्याचा आढावा घेताना माझं मत एका बाजूला ठाम होत गेलं. नवशिक्या अडतो तो लिहिलेल्या ओळीपाशी क्वचितच. ती ओळ चालते तेव्हा यंत्र आत काय करतं, याच्या त्याच्या कल्पनेपाशी तो अडतो. जी मदत तिथपर्यंत पोहोचत नाही ती कितीही तत्पर, कितीही प्रेमळ असली तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा द्यावी लागते.

अडचण किती खोल आहे याचा पहिला मोठा धक्का २००१ साली बसला. मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना, प्रोग्रॅमिंगचे सुरुवातीचे अभ्यासक्रम झाल्यावर, साधा कॅल्क्युलेटर लिहायला दिला. सरासरी गुण पडले ११० पैकी २२.८९. शिक्षकांनी आधी म्हटलं, मुलांना प्रश्न सोडवता येत नाहीत, समस्येची फोड करता येत नाही. मग २००४ साली रेमंड लिस्टर यांच्या गटाने सात देशांतल्या विद्यार्थ्यांना काहीच लिहायला न सांगता फक्त तयार कोड वाचायला दिला: हा चालल्यावर या व्हेरिएबलमध्ये काय असेल? बऱ्याच जणांना तेही जमलं नाही. म्हणजे अडचण लिहिण्याच्या कितीतरी आधी, वाचण्यापाशीच होती.

इथे एक सावधगिरी हवी. ‘प्रोग्रॅमिंग हा नापास करणारा विषय’ असं सर्रास म्हटलं जातं. जेन्स बेनेडसन आणि मायकेल कास्परसेन यांनी २००७ साली वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षणसंस्थांकडून आकडे मागवले, तेव्हा पहिल्या अभ्यासक्रमात नापास होणारे आणि मध्येच सोडून जाणारे मिळून सरासरी ३३ टक्के निघाले. २०१९ च्या फेरपाहणीत २८ टक्के. पहिल्या वर्षाच्या गणिताशी तुलना केली तर हे काही आभाळ कोसळणं नव्हे. तेव्हा ‘काहींच्या मेंदूतच प्रोग्रॅमिंग नसतं’ हे लॅबमध्ये सहज ऐकू येणारं वाक्य शिक्षकांनी सोडून द्यावं. ते मुलांच्या कानावर पडतं, आणि मग मुलं विचारायचं थांबवतात.

अडतं नेमकं कुठे, याचं उत्तम काम १९८० च्या दशकात झालं आणि ते आजही शिळं झालेलं नाही. ब्रिटनमधले बेनेडिक्ट ड्यू बुले यांनी दाखवलं की शिकणाऱ्याच्या मनात एक कल्पित यंत्र तयार व्हावं लागतं. ते खऱ्या प्रोसेसरइतकं बारकाईचं नको, पण ‘या ओळीनंतर काय बदललं’ हे सांगण्याइतकं नेमकं हवं. रॉय पी यांनी १९८६ साली नवशिक्यांच्या सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी असलेला एक मोठा गैरसमज मांडला: आत कुणीतरी बसलंय आणि त्याला माझ्या मनातलं कळतं. व्हेरिएबलला ‘मॅक्स’ नाव दिलं की त्यात आपोआप सगळ्यांत मोठा आकडा राहील, असं मानणारी मुलं कुठल्याही वर्गात सापडतात. लूपची अट खोटी झाल्या क्षणी लूप मधूनच तुटेल, उरलेल्या ओळी चालणार नाहीत, हा समज तर फारच पसरलेला आहे. अट फक्त फेरीच्या तोंडाशी तपासली जाते, हे कुणी मुद्दाम दाखवल्याशिवाय कळत नाही.

त्याच वर्षी, १९८६ मध्ये, हार्वर्डमध्ये डेव्हिड पर्किन्स आणि त्यांचे सहकारी बेसिक शिकणाऱ्या शाळकरी मुलांशेजारी बसले. अडल्यावर दोन टोकाचे स्वभाव त्यांना दिसले. काही मुलं अडली की हात बांधून बसतात. काही थांबतच नाहीत. इकडचं तिकडे करतात, पुन्हा चालवतात, विचार न करता बदलत राहतात. दोघांनाही वेगळी मदत लागते. थांबलेल्याला धीर हवा आणि पहिलं पाऊल हवं, भटकणाऱ्याला आधी थांबवावं लागतं. आपल्याकडे शांत बसलेला ‘ढ’ आणि खटाटोप करणारा ‘हुशार’ ठरतो, आणि खटाटोप करणाऱ्याच्या डोक्यातही काहीच उमगलेलं नाही हे परीक्षेपर्यंत लक्षात येत नाही.

पर्किन्स यांच्या गटाने मदतही पायऱ्यांनी दिली. आधी नुसता प्रश्न: ‘आता यंत्राला पहिल्यांदा काय सांगायला हवं?’ नाही जमलं तर सूचक इशारा. तरीही नाही, तर प्रत्यक्ष उत्तर. बरेचदा पहिल्याच पायरीवर गाडी हलली. मुलांना ते ठाऊक होतं, पण गरजेच्या क्षणी आठवत नव्हतं. या अर्धवट, हातातून निसटणाऱ्या ज्ञानाला त्यांनी ‘नाजूक ज्ञान’ म्हटलं. मला या सबंध साहित्यातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. अडलेल्या मुलाला आपण ज्या वेळी उत्तर देतो, त्यांपैकी कितीतरी वेळा उत्तर त्याच्याकडेच असतं.

आता मदत कोणाकोणाकडून येते ते पाहू. सगळ्यांत आधी ती यंत्राकडून येते, एरर मेसेजच्या रूपाने. दिवसभर, रात्री-अपरात्री, न कंटाळता. आणि ही मदत अनेक दशकं फार वाईट होती. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ज्यांनी सी शिकलं त्यांना आठवत असेल: सेमीकोलन सुटलाय एका ओळीवर, आणि कर्सर जाऊन बसतो खालच्या ओळीवर. कंपायलरचं चुकत नाही. पुढचा शब्द वाचेपर्यंत आधीचं वाक्य संपलेलं नाही हे त्याला कळूच शकत नाही. पण नवशिक्या बरोबर असलेली ओळ पुन्हा पुन्हा तपासत राहतो. त्याहून अवघड म्हणजे स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं अँपरसँड विसरणं. तिथे कधी प्रोग्रॅम कोसळतो, कधी निमूटपणे भलताच आकडा देतो. ‘ते चिन्ह टाकायचंच असतं, पॉइंटर्स आले की कळेल’ असं सांगून वेळ मारून नेली जाते आणि पॉइंटर्स येतात शेवटच्या युनिटला.

पायथनने २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून या बाबतीत चांगलं पाऊल टाकलं. आधी उघडलेला कंस बंद करायचा राहिला तर पुढच्याच कुठल्यातरी ओळीवर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ एवढंच यायचं. आता कोणता कंस बंद झालेला नाही ते तो सांगतो, व्हेरिएबलच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर ‘तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का’ असं विचारतो. एल्म आणि रस्ट या भाषांनी त्याआधीच हा रस्ता धरला होता. सुधारित मेसेजचा शिकण्यावर परिणाम किती, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. न्यूझीलंडमध्ये पॉल डेनी आणि सहकाऱ्यांना २०१४ साली फरक दिसला नाही. आयर्लंडमध्ये ब्रेट बेकर यांना दोन वर्षांनी चुका कमी झालेल्या दिसल्या. गिलोम मार्सो, कॅथी फिसलर आणि श्रीराम कृष्णमूर्ती यांच्या २०११ च्या निरीक्षणात एक साधी गोष्ट पुढे आली: मेसेजमधले शब्दच मुलांना माहीत नसतात. आर्ग्युमेंट, एक्स्प्रेशन, आयडेंटिफायर हे वर्गात एकदा उच्चारून पुढे गेलेलं असतं. मेसेज वाचायला शिकवणं हा अभ्यासक्रमाचा भाग असायला हवा, आणि तो जवळपास कुठेच नसतो. फळ्यावर एक मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम चालवून त्याचा मेसेज वर्गाबरोबर शब्दशः वाचायला एक तास पुरतो.

शिक्षकांनाही आपल्या मुलांच्या चुकांचा अंदाज वाटतो तितका नसतो. नील ब्राउन आणि अमजद अल्तादम्री यांनी २०१४ साली जावा शिकणाऱ्यांच्या प्रत्यक्ष नोंदींशी शिक्षकांचे अंदाज ताडून पाहिले. कोणत्या चुका जास्त होतात यावर शिक्षकांचं आपापसांत जुळत नव्हतं, आणि नोंदींशीही फारसं जुळत नव्हतं.

यंत्राच्या पुढची मदत माणसाची. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलेला दावा प्रसिद्ध आहे: एकास एक शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. तो आकडा नंतरच्या अभ्यासांत टिकला नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ साली बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम ब्लूमच्या सुमारे चाळीस टक्के निघाला, आणि पायरी-पायरीवर सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचा परिणाम त्याच्या अगदी जवळ. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. शेजारी माणूस आहे की सॉफ्टवेअर, याहून प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याला स्वतः काहीतरी करावं लागतं की नाही, याला जास्त महत्त्व आहे असा त्याचा अर्थ निघतो.

वर्ग मोठा असताना एकास एक शिक्षक आणायचे कुठून? यावर दोन उपाय चांगले चालले आहेत. पहिला, थोड्या पुढच्या विद्यार्थ्यांनी शिकवणं. ब्राउन विद्यापीठात अँड्रिज व्हॅन डॅम यांनी १९६० च्या दशकात पदवीच्या विद्यार्थ्यांनाच सहायक म्हणून घ्यायला सुरुवात केली. स्टॅनफर्डमध्ये १९८८ पासून पहिल्या अभ्यासक्रमाचे छोटे गट विद्यार्थीच चालवतात, आणि कसं शिकवायचं याचं रीतसर प्रशिक्षण त्यांना मिळतं. करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० च्या वसंतात, ख्रिस पिच आणि मेहरान साहमी यांनी हीच पद्धत जगभर खुली केली: दहा हजारांहून अधिक शिकणारे आणि त्यांच्यासाठी नऊशेहून अधिक स्वयंसेवक. नुकताच शिकलेला माणूस चांगला मदतनीस ठरतो, कारण आपल्याला काय कळत नव्हतं हे त्याला अजून आठवत असतं.

दुसरा उपाय, वर्गातच एकमेकांना समजावणं. शिक्षक कोडचा एक तुकडा आणि चार पर्याय दाखवतो. प्रत्येक जण आधी स्वतः उत्तर देतो, मग शेजाऱ्याशी वाद घालतो, मग पुन्हा उत्तर देतो. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिओ पोर्टर, सिंथिया बेली ली आणि बेथ सायमन यांनी चार अभ्यासक्रमांतले निकाल २०१३ साली मांडले: नापासांचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. त्याला लागलं काय? चांगले प्रश्न आणि शिक्षकाचं थोडं मौन.

आपल्याकडची मदत कशी असते? महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियांत्रिकी किंवा डिप्लोमा कॉलेजात प्रॅक्टिकलला बॅच साधारण वीस जणांची, वेळ दोन तास. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटं. वर सांगितलेली तिसऱ्या प्रकारची मदत पाच मिनिटांत होते; गणित कसंबसं का होईना, बसतं. पण त्या सहा मिनिटांत जर्नल तपासायचं असतं, सह्या करायच्या असतात, हजेरी घ्यायची असते. ‘एम’ म्हणजे उद्दिष्ट, मग थिअरी, मग प्रोग्रॅम, मग आउटपुट, मग निष्कर्ष, असं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलेलं असलं की प्रयोग पूर्ण. प्रोग्रॅम कोणाच्या जर्नलमधून आला हे कुणी विचारत नाही. सबमिशनच्या आठवड्यात एक जर्नल अख्ख्या हॉस्टेलमध्ये फिरतं. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीला गुण आहेत ती गोष्ट मुलं करतात. व्यवस्थेनेच मदतीचा अर्थ ‘तयार आउटपुट मिळणं’ असा ठरवून दिला आहे.

आणि तरी आपल्या शिक्षकांकडे एक फार मौल्यवान सवय होती: ड्राय रन. कागदावर व्हेरिएबलच्या नावांचे रकाने आखायचे, एकेक ओळ वाचायची, आकडा बदलला की जुना खोडून नवा लिहायचा. संगणकावर बसायची पाळी आठवड्यातून एकदा यायची, तेव्हा ड्राय रनशिवाय गत्यंतर नव्हतं. लिस्टर यांच्या पाहणीत मुलांना जे जमलं नव्हतं ते नेमकं हेच, आणि ड्यू बुले ज्या कल्पित यंत्राबद्दल लिहितात ते हाताने बांधायची रीतही हीच. २०१० साली फिलिप ग्वो यांनी पायथन ट्यूटर नावाचं मोफत साधन बनवलं. त्यात प्रत्येक ओळीनंतर मेमरीत काय आहे याचं चित्र दिसतं. जगभर ते वापरलं जातं. त्याचं मूळ तत्त्व आपल्या वह्यांत होतं. लॅबमध्ये प्रत्येकाला संगणक मिळाला आणि ते आपण सोडून दिलं, याचं मला वाईट वाटतं.

मदत उपलब्ध असूनही ती घेतली जात नाही, हा या विषयाचा सगळ्यांत हळवा भाग आहे. मदत मागण्याचा अभ्यास करणाऱ्या शॅरन नेल्सन-ल गॉल यांनी १९८१ सालीच दोन प्रकार वेगळे केले होते: काम उरकण्यासाठी मागितलेली मदत, आणि पुढच्या वेळी स्वतःला करता यावं म्हणून मागितलेली मदत. स्टुअर्ट कॅराबेनिक यांच्या १९८० च्या दशकातल्या पाहणीत दिसलं की गरज वाढते तसं मदत मागणं काही मर्यादेपर्यंत वाढतं आणि मग उतरतं. ज्यांना सर्वांत जास्त गरज, ते गप्प. आणि व्हिन्सेंट अलेव्हन आणि केनेथ कोडिंजर यांनी भूमितीच्या शिकवणी-सॉफ्टवेअरवर पाहिलं, की इशाऱ्याचं बटण समोर असूनही मुलं एकतर ते दाबतच नाहीत, किंवा भराभर दाबत शेवटच्या, उत्तर सांगणाऱ्या इशाऱ्यावर पोहोचतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे दुप्पट भोगावं लागतं. त्याला अडचण असते एका ठिकाणी, आणि ती इंग्रजीत मांडायची कशी हा पेच दुसऱ्या ठिकाणी. ‘आउटपुट येत नाहीये’ यापलीकडे वाक्य सरकत नाही. शंका विचारली तर आपलं इंग्रजी उघडं पडेल, ही भीती खरी असते, आणि लॅबमध्ये शेजारच्याच्या पडद्याकडे पाहून उतरवणं त्यापेक्षा सोपं असतं. फिलिप ग्वो यांनीच २०१८ साली ८६ देशांतल्या ८४० जणांची पाहणी मांडली, त्यात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी हेच सांगितलं: पुस्तकं वाचताना, मेसेज समजताना आणि विचारताना भाषा आडवी येते. सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ साली स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची भाषा वापरणाऱ्या मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना ठोकळ्यांवरचे शब्द आपल्या भाषेत मिळाले होते, ती मुलं नव्या संकल्पना अधिक वेगाने वापरू लागली होती.

या बाबतीत महाराष्ट्रात काहीच झालेलं नाही असं म्हणणं अन्याय होईल. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ इंग्रजीत आहे, पण शेजारी बसून समजावल्यासारखी त्याची वाक्यं आहेत. देशभरातल्या कित्येक पिढ्यांनी त्यावर सी शिकली. आयआयटी मुंबईत कण्णन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचे धडे असतात. पडदा इंग्रजीच राहतो, आवाज मराठीसह भारतीय भाषांत मिळतो. विद्यार्थ्याने एक पायरी पाहायची, धडा थांबवायचा, शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचं. ही योजना शहाणी आहे, कारण उद्या नोकरीत कोड आणि मेसेज इंग्रजीच असणार आहेत. मराठी हवी ती समजावण्यात. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२१-२२ पासून मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. तिचा खरा उपयोग पुस्तकांच्या भाषांतरापेक्षा लॅबमधल्या बोलण्यात आहे, आणि तिथे तर परवानगीचीही गरज नव्हती.

आता सगळ्यांच्या खिशात पोहोचलेली मदत. ओपनएआयचं कोडेक्स हे मॉडेल ऑकलंड विद्यापीठाच्या पहिल्या अभ्यासक्रमाच्या परीक्षांना बसवून पाहिलं तेव्हा ७१ विद्यार्थ्यांत ते सतराव्या क्रमांकावर आलं. हा निष्कर्ष २०२२ च्या सुरुवातीला, चॅटजीपीटी यायच्या कितीतरी आधी छापून आला. आज पहिल्या वर्षाच्या जर्नलमधला प्रत्येक प्रोग्रॅम एआय क्षणात लिहून देतं. हॉस्टेलवर रात्री अकरा वाजता, इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला, मराठीत, न हसता, न कंटाळता समजावणारं कुणीतरी मिळालं आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. तिच्याकडे केवळ कॉपीचं साधन म्हणून बघणारे शिक्षक स्वतःची आणि मुलांची फसवणूक करतात.

परिणामांचे पुरावे दोन्हीकडचे आहेत. माजीद काझेमितबार आणि सहकाऱ्यांनी टोरांटोत १० ते १७ वयोगटातल्या ६९ नवशिक्यांना पायथन शिकवलं, निम्म्यांना कोडेक्स देऊन. त्या मुलांनी कामं जास्त पूर्ण केली, आणि नंतर मदत काढून घेतल्यावरही ती मागे पडली नाहीत. मात्र ज्यांचा पाया आधीच बरा होता त्यांना फायदा जास्त झाला. जेम्स प्रॅथर आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली २१ विद्यार्थ्यांना एआय वापरताना डोळ्यांच्या हालचालींसह न्याहाळलं. समर्थ विद्यार्थी एआयचं नको ते बाजूला सारत वेगाने पुढे गेले. अडखळणारे प्रश्न सोडवून बसले, पण त्यांना काय कळलं नाही हे त्यांना कळलंच नाही. आपल्याला जमलं, अशाच समजुतीत ते उठले. तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर हमसा बस्तानी आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग गणिताचा आहे, पण इथे फार बोलका आहे. साधं चॅट दिलेल्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना ते मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ते १७ टक्के मागे होते. उत्तर न देता इशारे देणारं चॅट ज्यांना मिळालं, त्यांचं हे नुकसान जवळपास झालं नाही.

हे वाचताना पर्किन्स यांच्या पायऱ्या आठवतात. प्रश्न, मग इशारा, मग उत्तर. साधं चॅट थेट तिसऱ्या पायरीवरून सुरू होतं, कारण विचारणारा तेच मागतो. हार्वर्डच्या सीएस५० अभ्यासक्रमात २०२३ पासून बदकाच्या रूपातला मदतनीस आहे. ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या १९९९ च्या पुस्तकात रबरी बदकाला आपला कोड मोठ्याने समजावून सांगायचा सल्ला आहे, त्यावरून ते बदक आलं. ते उत्तर लिहून देत नाही, वाटेवर आणतं. मार्क लिफिटन यांचं कोडहेल्प आणि टोरांटोचं कोडएड याच धर्तीचं आहे. पण कुंपण घातलेल्या चॅटच्या शेजारच्या टॅबमध्ये बिनकुंपणाचं चॅट उघडंच असतं, म्हणून केवळ साधनांवर भिस्त ठेवून चालणार नाही. मुलाने काय विचारायचं हे त्याला शिकवावं लागेल. ‘हा प्रोग्रॅम दुरुस्त कर’ आणि ‘मला १२ हवं होतं, ५७ आलं, उत्तर सांगू नको, मी कुठे चुकीचं समजतोय ते शोधायला मला दोन प्रश्न विचार’ या दोन विनंत्यांमध्ये सहा महिन्यांनी त्या मुलाचं काय होणार, याचा फरक दडलेला आहे. दुसरी विनंती मराठीतही तितकीच चालते.

साधनं बदलायला वेळ लागत नाही. मोजमाप बदलायला लागतो, आणि आपल्याकडे काम तिथेच अडलं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला पायथन आणलं, हे चांगलंच झालं, पण भाषा बदलली तरी जर्नल तेच राहतं. ओरलला ‘लूपचे प्रकार सांगा’ विचारण्याऐवजी विद्यार्थ्याने स्वतःच्या जर्नलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्यासमोर ठेवावा, एक ओळ पेन्सिलने बदलावी, आणि आता आउटपुट काय येईल ते कागदावर रकाने आखून काढायला सांगावं. बाहेरून आलेल्या परीक्षकाला यासाठी चार मिनिटं लागतात. असा प्रश्न येणार हे कळलं की उतरवलेलं जर्नल कुचकामी होतं, आणि मुलं मित्रांना, शिक्षकांना, एआयला वेगळंच काहीतरी विचारू लागतात.

प्रॅक्टिकलची ती सहा मिनिटं मोकळी करायची तर जर्नलवरच्या सह्या तिथून हलवाव्या लागतील. त्या महिन्यातून एकदा, स्टाफरूममध्येही होऊ शकतात. आणि प्रत्येक बॅचला तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी द्यावेत, एका क्रेडिटच्या बदल्यात. त्यांना आधी अर्धा दिवस बसवून तीन नियम पक्के करून द्यावेत: समोरच्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, पहिलं वाक्य नेहमी ‘तुला काय यायला हवं होतं?’ हे असेल. आणि शेवटच्या बाकावर जो काहीच विचारत नाही, त्याच्याकडे आधी जायचं.